गाळाच्या खडकातली उथळ नती सुधारताना: ॲनायसोट्रॉपीच्या मोजणीबद्दल थोडं

पुराचुंबकत्वात, म्हणजे खडकांत जपलेल्या पृथ्वीच्या जुन्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासात, नवीन आलेल्यांना एक गोष्ट लवकर पचत नाही. गाळाचा खडक सगळ्या नमुन्यांतून एकसारखी, सुबक दिशा देतो आणि तरीही ती चुकीची असू शकते. गाळ बसताना चपटे कण आडवे पडतात, वरच्या थरांच्या भाराने आणखी दबतात, आणि नती, म्हणजे चुंबकीय दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन, उथळ होते. दिक्पाताला, म्हणजे उत्तरेपासूनच्या कोनाला, सहसा फारसा धक्का लागत नाही, म्हणून गडबड नजरेत भरत नाही.

१९५५ साली किंग यांनी मांडलेलं सूत्र साधं आहे: मोजलेल्या नतीचा टॅन म्हणजे खऱ्या नतीचा टॅन गुणिले f, म्हणजे उथळपणाचा गुणक (१ असेल तर नती बिघडलेलीच नाही). खरी नती ५०° आणि f ०.६ असेल, तर हाती येते सुमारे ३५.६°. त्यावरून अक्षांश काढला की ३०.८° ऐवजी १९.७° मिळतो. म्हणजे खंड हजार किलोमीटरहून जास्त सरकला! नती शून्य किंवा ९०° असेल तर काहीच बिघडत नाही; मधल्या अक्षांशांवर फटका सर्वात मोठा.

हा f मिळवायला ॲनायसोट्रॉपी, म्हणजे चुंबकीय गुणधर्म दिशेनुसार किती बदलतो ते, मोजायची. सगळे आधी ससेप्टिबिलिटीची (बाहेरच्या क्षेत्रात खडक किती चुंबकीय होतो त्याची) ॲनायसोट्रॉपी, म्हणजे एएमएस, मोजतात, कारण ती पटकन होते आणि नमुन्याचं काही बिघडत नाही. जरूर मोजा, पण थेट त्यावरून दिशा सुधारू नका. एएमएसमध्ये क्लोराइट, इलाइट, बायोटाइट अशा पॅरामॅग्नेटिक (क्षेत्र असेपर्यंतच चुंबकीय होणाऱ्या) खनिजांचाही वाटा असतो आणि दिशा जपून ठेवण्याशी त्यांचा काही संबंध नसतो. सिडेराइट असेल तर अक्षांची अदलाबदल होऊन चित्रच उलटं दिसतं. एएमएसवरून एवढं बघा: सर्वात कमी मूल्याचा अक्ष थराला लंब आहे का? नसेल, किंवा मोठा अक्ष घड्यांच्या आसाला समांतर गोळा झाला असेल, तर खडकावर नंतरचा भूविवर्तनी ताण आलाय. तिथे निव्वळ दाबाची दुरुस्ती लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

दुरुस्तीसाठी अवशिष्ट, म्हणजे क्षेत्र काढल्यावरही टिकणाऱ्या, चुंबकत्वाचीच ॲनायसोट्रॉपी लागते. मॅग्नेटाइट असेल तर एआरएम, म्हणजे प्रयोगशाळेत दिलेलं एक प्रकारचं अवशिष्ट चुंबकत्व, वापरतात: नमुना आल्टरनेटिंग फील्डने (उलटसुलट बदलत क्षीण होणाऱ्या क्षेत्राने) विचुंबकित करायचा, उरलेलं मोजायचं, मग ठरावीक स्थितीत ठेवून आल्टरनेटिंग फील्डसोबत पृथ्वीच्या क्षेत्राइतकं किंवा दुप्पट स्थिर क्षेत्र देऊन चुंबकत्व द्यायचं, पुन्हा मोजायचं, आणि आधीचं वजा करायचं. मग पुढची स्थिती. काम कंटाळवाणं आहे आणि धोका त्या कंटाळ्यातच आहे. दंडगोलावरचा बाण एकदा उलटा धरला गेला तर टेन्सर, म्हणजे सगळ्या दिशांच्या मोजणीतून बनलेला आकड्यांचा तक्ता, सुबक येईलच, फक्त भलत्याचाच. मी प्रत्येक स्थिती मोठ्याने वाचून मगच बटण दाबते. शेजारच्यांना सवय झाली आहे. लाल थरांत हेमॅटाइट असेल तर एआरएम त्याला पुरेसं हलवतच नाही, तिथे आयआरएम, म्हणजे तीव्र स्थिर क्षेत्राने दिलेलं अवशिष्ट चुंबकत्व, लागतं.

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. टेन्सर हाती आला म्हणजे f आला असं नाही. मध्ये कणाची स्वतःची ॲनायसोट्रॉपी, a, येते: कण लांबीच्या दिशेने आडव्याच्या किती पट चुंबकत्व घेतो. समजा टेन्सरच्या तीन अक्षांची मूल्यं ०.३५, ०.३५ आणि ०.३० आहेत. a प्रचंड मोठा धरला तर f येतो ०.८६. a २ धरला तर ०.५. नमुना तोच, मोजणी तीच, अक्षांश मात्र वेगळा! a कुठल्यातरी जुन्या लेखातून उचलण्याऐवजी, जमत असेल तर खडकातून चुंबकीय कण काढून, तीव्र क्षेत्रात इपॉक्सीत रांगेत बसवून मोजा. नाहीतर निदान a ची शक्य ती दोन टोकं धरून f ची व्याप्ती तरी लिहा.

कामाचा क्रमही आधीच ठरवा. एएमएस ताज्या नमुन्यावर, तापवण्याच्या आधी. तापवल्यावर सिडेराइट किंवा चिकणमातीतून नवं मॅग्नेटाइट तयार होतं आणि पुढची मोजणी त्या नव्या कणांची होते. औष्णिक विचुंबकन, म्हणजे तापवून चुंबकत्व काढणं, करायचंच असेल तर ॲनायसोट्रॉपीसाठी त्याच गाभ्याचा जोडनमुना बाजूला काढून ठेवा.

शंभराहून जास्त दिशा असतील तर टॉक्स आणि केंट यांची २००४ ची पद्धतही लावून बघा. ती दिशांच्या विखुरण्याच्या आकारावरून f काढते, टेन्सर लागतच नाही. दोन्ही उत्तरं जुळली तर निर्धास्त छापा. जुळली नाहीत तर मी आधी a वर संशय घेते, मग थराच्या कलाच्या नोंदीवर.