पीआयओत अडकलेली हार्ड डिस्क

आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असलेल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, पण मोठी फाइल कॉपी करताना माउससुद्धा अडखळायचा. टर्मिनलमध्ये एचडीपार्म या डिस्क तपासायच्या आणि सेट करायच्या कमांडला लहान टी देऊन वेग मोजला, तर सेकंदाला जेमतेम ३ एमबी! डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणं) बंद होतं, म्हणजे डिस्क पीआयओ मोडमध्ये होती आणि सगळा डेटा प्रोसेसर स्वतः वाहत होता. निव्वळ हमाली. रूट (ॲडमिन) होऊन एचडीपार्मला डीएमए चालू करणारं ‘-डी१’ दिलं, वेग २५ एमबीच्या पुढे गेला.

मग हाव सुटली. ‘-एक्स६९’ देऊन यूडीएमए ५ हा डीएमएचा आणखी वेगवान मोड मागितला (६४ मध्ये मोडचा आकडा मिळवायचा, म्हणून ६९). कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र यूडीएमए २ वरच अडून बसलं. केबल ४० तारांची निघाली! ८० तारांची लावल्यावर जमलं. चुकीच्या मोडने डेटा जाऊ शकतो, त्यामुळे आधी बॅकअप घेतला होता. रीबूटनंतर सेटिंग उडतं, म्हणून तीच ओळ पीसी सुरू होताना चालणाऱ्या आरसी डॉट लोकल या फाइलमध्ये टाकली.