प्रश्नाचं नाउन क्लॉज करायचंय? आधी उत्तर द्या

व्हर्बची तीन रूपं पाठ आहेत आणि सब्जेक्ट ओळखता येतो एवढं मी धरून चालते. ते येत नसेल तर आधी ते करा, मग इकडे या.

पहिलं काम सोपं आहे. प्रश्नाच्या आधी ‘आय डोन्ट नो’, ‘टेल मी’, ‘ही आस्क्ड’ असं काहीतरी असतं आणि प्रश्न त्याच्या पोटात बसवायचा असतो; असा आत बसलेला प्रश्न म्हणजेच इथे नाउन क्लॉज. व्हेअर, व्हेन, व्हाय वगैरेंनी सुरू होणारा प्रश्न असेल तर तोच शब्द जोडायला घ्या, हो-नाहीवाला असेल तर ‘इफ’ नाहीतर ‘व्हेदर’. मध्ये ‘दॅट’ घुसवू नका. आपण ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस’ असं बोलतो ना, तो ‘की’ हाताला चिकटलेला असतो आणि मग ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर आय लिव्ह्ड’ असलं काहीतरी कागदावर उतरतं.

आता खरी गोची. मराठीत ‘ती कुठे राहते?’ आणि ‘मला माहीत नाही ती कुठे राहते’ ह्यात एक शब्द जागचा हलत नाही, त्यामुळे आपल्याला काही हलवायचंय हे सुचतच नाही. इंग्रजीत प्रश्न करताना हेल्पिंग व्हर्ब उचलून सब्जेक्टच्या आधी नेलेलं असतं, ते परत मागे न्यावं लागतं. इज, कॅन, विल, हॅव असेल तर नुसती जागा बदला, ‘व्हेअर इज द फाइल?’चं ‘आय डोन्ट नो व्हेअर द फाइल इज’.

डू-डज-डिड आलं की मात्र लोक आपटतात, मीही आपटले. मला सांगितलं होतं ‘डिड काढून टाका, झालं’, आणि मी कित्येक महिने ‘आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन लीव्ह’ असं लिहीत होते, लाल शाईचा गोल कशाला पडतोय तेच कळेना. सल्ला अर्धाच होता हो! मुळात वाक्य ‘द ट्रेन लेफ्ट’ असं होतं, प्रश्न करायला ‘डिड’ आणलं तेव्हा त्याने ‘लेफ्ट’मधला पास्ट टेन्स स्वतःकडे घेतला आणि मागे उरलं नुसतं ‘लीव्ह’. म्हणजे ‘डिड’ला घालवताना तो टेन्स त्याच्याकडून काढून घ्यायचा, ‘व्हेन द ट्रेन लेफ्ट’. ‘डज’ जाताना ‘एस’ ठेवून जातो, ‘व्हेअर शी लिव्ह्ज’. आणि ‘नॉट’ असेल तर डिड अजिबात काढायचं नाही, ‘व्हाय डिडन्ट ही कम?’चं ‘व्हाय ही डिडन्ट कम’, नुसती जागा बदलली.

एवढे नियम डोक्यात ठेवायचे नसतील तर मी करते तसं करा, आधी प्रश्नाचं पूर्ण वाक्यात उत्तर द्या. ‘व्हेन डिड द ट्रेन लीव्ह?’ — ‘द ट्रेन लेफ्ट ॲट सिक्स’. आता ‘ॲट सिक्स’ खोडा, ‘व्हेन’ सुरुवातीला लावा, क्लॉज तयार, टेन्स आपोआप बरोबर.

ह्याचा खरा फायदा ‘हू’ आणि ‘व्हॉट’ला होतो. ‘नेहमी उलटापालट करा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकून मी एकदा ‘हू ब्रोक द कप?’ घेऊन बसले आणि उलटवायला काही सापडेचना. उत्तर देऊन बघा, ‘रवी ब्रोक द कप’. ‘रवी’ खोडला की ‘हू’ नेमका त्याच जागी बसतो, म्हणजे ‘हू’ स्वतःच सब्जेक्ट आहे, काहीच बदलायचं नाही, ‘आय नो हू ब्रोक द कप’. पण ‘हू इज शी?’चं उत्तर ‘शी इज माय बॉस’, त्यातलं ‘माय बॉस’ गेलं, म्हणून ‘आय नो हू शी इज’. आणि हे शेवटचं ‘इज’ आखडून ‘शीज’ करू नका, अशा आखडलेल्या रूपावर वाक्य संपवता येत नाही.

‘इफ’ की ‘व्हेदर’? बहुतेक वेळा कुठलंही चालतं. वाक्याच्या सुरुवातीला, प्रिपोझिशननंतर, ‘टू’च्या आधी किंवा लगेच ‘ऑर नॉट’ येत असेल तर ‘व्हेदर’च. मी सरळ सगळीकडे ‘व्हेदर’ लिहिते, डोक्याला ताप नाही.

बाहेर ‘आस्क्ड’ असेल तर आतलं टेन्स साधारणपणे एक पायरी मागे जातं, ‘ही आस्क्ड व्हेअर द फाइल वॉज’. बाहेर ‘डोन्ट नो’ असेल तर उगाच हात लावू नका.

प्रश्नचिन्ह बाहेरच्या वाक्यावर ठरतं, आतल्या ‘व्हेअर’कडे बघून नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर शी लिव्ह्ज’ला पूर्णविराम, ‘डू यू नो व्हेअर शी लिव्ह्ज’ला प्रश्नचिन्ह.