ब्लोअरला हात घालण्याआधी

जुन्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे एसी-हीटरची हवा ढकलणारा पंखा, एक, दोन, तीन स्पीडवर गप्प आणि चारवर मात्र जोरात फिरत असेल तर दोष बहुधा रेझिस्टन्सचा, म्हणजे करंट कमी करून पंख्याचा वेग घटवणाऱ्या भागाचा, असतो. तरी दुकान गाठण्याआधी चावी फिरवा, प्रत्येक स्पीडला काय होतं ते कागदावर लिहून काढा. बहुतेक जुन्या गाड्यांत चौथ्या स्पीडला करंट रेझिस्टन्सला वगळून थेट मोटरला मिळतो. म्हणजे चार चालू असेल तर फ्यूज शाबूत आहे आणि मोटर निदान फिरते आहे. कुठल्याच स्पीडला हूं की चूं नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच), अर्थिंग आणि शेवटी मोटर बघा. मधलाच एखादा स्पीड गायब असेल तर रेझिस्टन्समधली त्याची कॉइल किंवा स्विचचा पॉइंट गेलेला असतो.

आपल्याकडे हीटर लागतो थंडीतले थोडे दिवस, पण एसीची हवाही हाच पंखा ढकलतो. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा होटगी रोडच्या गर्दीत त्याच्याशिवाय बसवत नाही. म्हणून हे काम फेब्रुवारीतच उरकावं. सकाळची वेळ, सावलीची जागा आणि सुट्या भागांची दुकानं उघडी असतील असा दिवस निवडा, कारण जुना रेझिस्टन्स हातात घेऊनच नवा आणायचा असतो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा कनेक्टर, बदललेला असू शकतो, त्यामुळे पिना मोजून, शेजारी धरून बघा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला पाना लागेल, बऱ्याच गाड्यांना तो दहाचा बसतो. स्टार स्क्रू ड्रायव्हर दोन घ्या, एक लांब आणि एक बुटका, कारण डॅशबोर्डखाली लांब दांडा वळत नाही. डोक्याला बांधायची टॉर्च हवी, स्क्रू ठेवायला वाटी हवी. जुनी चादर चौघडी करून दाराच्या उंबऱ्यावर टाका. डॅशबोर्डच्या डावीकडच्या कप्प्याखाली (ग्लोव्ह बॉक्स) उताणं पडून काम करताना ती कड बरगड्यांत रुतते. उन्हाने वाळलेले प्लॅस्टिकचे लॉक मोडतात, म्हणून कप्पा ओढू नका, दोन्ही बाजूंनी दाबून सोडवा.

आता खरं महत्त्वाचं. रेझिस्टन्स जळाला, तर तो का जळाला हे शोधायची तयारीही सोबत असावी. तो हवेच्या वाटेत बसवलेला असतो तो थंड राहावा म्हणून. हवा कोंडली की तापतो, मोटर जड झाली की जास्त करंट सोसून तापतो. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, असेल तर तो काढून बघा. पुष्कळ जुन्या छोट्या गाड्यांना तो नसतोच, मग धूळ थेट पंख्याच्या पात्यांवर बसते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीत धुळीबरोबर सुताचे तंतूही सापडतील. त्यासाठी मऊ ब्रश ठेवा. मोटर काढून पंखा बोटाने फिरवा. तो अडखळला, खरखरला, तर नवा रेझिस्टन्सही फार दिवस टिकणार नाही.

कपलरही नीट बघा. एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून एका अंगाला ओघळलेलं दिसलं तर तो बदलायचाच. त्यासाठी वायरसकट कपलर, तेवढ्याच जाडीची वायर आणि हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी) आणून ठेवा. इथल्या उन्हात साध्या टेपचा डिंक सुटतो. फ्यूज मात्र जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच लावा. मोठा घातला तर आधी वायर जळेल.

मल्टीमीटर बॅटरीचा १२ व्होल्ट आणि कॉइल तुटली आहे का, एवढं बघायला पुरतो. करंट मोजायला तो लावू नका. साध्या मीटरची मर्यादा साधारण १० अँपिअर असते, ब्लोअर त्याहून जास्त ओढू शकतो. त्यासाठी डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणा.

सगळं बसवल्यावर दहा मिनिटं ब्लोअर चालवा, मग बंद करून कपलरला हात लावा. चटका बसला तर कप्पा परत लावायची घाई करू नका, मोटर पुन्हा तपासा.