किडनीच्या जुनाट आजारात मुलाची वाढ आणि आहार घरी कसा सांभाळावा

मूत्रपिंडं कमजोर असलेल्या मुलाचं वजन वाढलं, तर आधी त्याची पावलं आणि डोळ्यांभोवतीची सूज बघा. अंगात पाणी साठलं तरी काटा पुढे सरकतो, आणि त्याच महिन्यात दंडाचे स्नायू झडत असू शकतात.

१. तीन मापं एकत्र घ्या. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यांत, दर वेळी त्याच काट्यावर. उंची अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आडवं झोपवून लांबी. मग डावा दंड. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून बरोबर मध्यावर पेनानं खूण करा, हात सैल सोडायला सांगा आणि शिंप्याची टेप त्या खुणेवर गुंडाळा. टेप कातडीत रुतली तर माप चुकतं. तारीख घालून वहीत लिहा. वजन चढतंय आणि दंडाचा घेर उतरतोय असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

२. डाळ-अंडं मनानं बंद करू नका. ‘किडनी आहे, प्रथिनं नकोत’ असं नातेवाईक हमखास सांगतात. वाढत्या मुलाला वयाप्रमाणे प्रथिनं लागतातच. डायलिसिसवर तर जास्त, कारण त्यात ती काही प्रमाणात वाहून जातात. पोटभर खाणं नसेल तर शरीर प्रथिनंच जाळतं, म्हणून मऊ भातावर जास्तीचं तूप, साबुदाण्याची खिचडी (दाण्याचं कूट आणि बटाटा डॉक्टरांना विचारून), शिरा असं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या.

३. रक्तात पोटॅशियम वाढलं असेल, तरच शहाळं, केळं, टोमॅटो आवरा. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या, रश्श्यात घालू नका. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, ते टाळा. कमरख (स्टार फ्रूट) मात्र कधीच नको. किडनीच्या आजारात ते मेंदूला विषारी ठरतं.

४. मिठाचं विचारून ठरवा. सूज आणि रक्तदाब असेल तर पापड, लोणचं, वेफर्स बंद. पण काही मुलांच्या लघवीतून मीठ वाहून जातं, त्यांना उलट वरून द्यावं लागतं.

५. फॉस्फरस अडवणारी गोळी जेवतानाच द्या. उपाशीपोटी ती अन्नातला फॉस्फरस अडवू शकत नाही.

एवढं करूनही खाणं पुरत नसेल, तर डॉक्टर नाकातून नळीनं अन्न द्यायला सुचवतात. घाबरून नाही म्हणू नका. लहान बाळांची वाढ त्या नळीमुळे सावरते.