संज्ञापनाची मॉडेल्स वाचताना या चुका टाळा

पत्रकारितेची पदविका असो, एमबीएचं पहिलं सत्र असो की प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेचा पेपर एक, संज्ञापनाची (कम्युनिकेशनची) मॉडेल्स, म्हणजे संदेश कसा जातो हे दाखवणाऱ्या आकृत्या, सगळीकडे भेटतात. थोड्या चौकटी, थोडे बाण, चार-पाच परदेशी आडनावं. आदल्या रात्री घोकून पाठ होतात आणि सकाळी पेपरात एकाचा बाण दुसऱ्याच्या चौकटीत घुसतो. यातल्या बहुतेक घोळांचं मूळ एकच आहे, असं माझं मत. आकृती सगळे पाठ करतात, पण ती कोणता प्रश्न सोडवायला काढली होती हे कोणी विचारत नाही.

शॅननच्या नावावर काहीही खपवणं

सगळ्यात जास्त हाल होतात क्लॉड शॅननचे. हा बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेतला गणिती आणि अभियंता. त्याचा लेख १९४८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत आला. त्याच्यापुढचा प्रश्न टेलिफोनवाल्यांचा होता: इकडे निवडलेला संदेश तिकडे हुबेहूब, किंवा हुबेहूबच्या जवळपास, कसा उभा करायचा? संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, हे त्याने सुरुवातीलाच लिहून टाकलंय. तरी 'शॅननने अर्थाकडे दुर्लक्ष केले' ही त्याच्यावरची टीका म्हणून उत्तरपत्रिकेत येतेच.

दुसरी हमखास चूक रिसीव्हरची. शॅननच्या आकृतीत रिसीव्हर हे यंत्र आहे, म्हणजे टेलिफोनचं उपकरण. ते कानाला लावणारा माणूस ही पुढची, वेगळी चौकट: डेस्टिनेशन. तसंच बोलणारा माणूस हा सोर्स आणि ट्रान्समीटर हे त्याच्यापुढचं यंत्र. दोन्हीकडे यंत्र आणि माणूस एकत्र केले की आकृतीतला जीवच जातो.

तिसरी चूक फीडबॅकची, म्हणजे ऐकणाऱ्याकडून परत येणाऱ्या प्रतिसादाची. शॅननच्या मूळ आकृतीत परतीचा बाण नाही. फीडबॅकची कल्पना गाजली ती त्याच वर्षी आलेल्या गणिती नॉर्बर्ट वीनरच्या 'सायबरनेटिक्स' या पुस्तकामुळे, आणि संज्ञापनाच्या पुस्तकांनी ती नंतर जोडून घेतली. तेव्हा शॅननची आकृती काढताना परतीचा बाण घालू नका. घालायचाच असेल तर तो पुढची भर आहे असं शेजारी लिहा.

बिघाड कुठल्या पातळीवरचा, हे न बघता उपाय करणं

१९४९ मध्ये शॅननचा लेख पुस्तकरूपाने आला. त्यात वॉरन वीव्हर या गणितज्ञाने आपलं विवेचन जोडलं आणि तीन पातळ्या सांगितल्या. संदेशाच्या खुणा बिनचूक पोचल्या का? अभिप्रेत अर्थ पोचला का? अपेक्षित परिणाम झाला का? वर्गात हे एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा नेहमीचा निरोप घ्या. सेक्रेटरी रात्री साडेअकराला टाकतात: 'उद्या टाकी साफ होणार आहे, पाणी येणार नाही.' निम्मे सभासद तो सकाळी चहा पिता पिता वाचतात आणि 'उद्या ना, बघू' म्हणून मोबाइल बाजूला ठेवतात. साडेआठला कोणीतरी डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत नळाखाली उभं असतं. मग ग्रुपवर रणकंदन. पुढच्या सभेत निष्कर्ष निघतो की आपल्याकडे संवादच नाही, आणि ठरतं की यापुढे लिफ्टजवळही कागद लावायचा. त्या कागदावरही 'उद्या'च लिहिलेलं असतं!

आता वीव्हरचे प्रश्न लावून बघा. निरोप पोचला, निळ्या टिकाही आल्या, म्हणजे पहिली पातळी ठीक. घोटाळा दुसऱ्या पातळीवर आहे: लिहिणाऱ्याचा 'उद्या' आणि वाचणाऱ्याचा 'उद्या' एक नव्हते. माध्यम वाढवून हा बिघाड जाणार नाही, वार आणि वेळ लिहिल्याने जाईल: 'मंगळवारी सकाळी ८ ते दुपारी २ पाणी बंद.' तरी कोणी अर्थ नीट समजूनही पाणी भरून ठेवलं नाही, तर बिघाड तिसऱ्या पातळीवरचा. तिथे 'रात्रीच बादल्या भरून ठेवा' ही ओळ हवी.

अशा प्रकाराला सरसकट 'नॉईज' (व्यत्यय) म्हणून मोकळं होणं ही आणखी एक चूक. शॅननचा नॉईज वाटेत सिग्नलमध्ये मिसळतो. अर्थाच्या गोंधळासाठी वेगळा 'सिमँटिक नॉईज' (अर्थाचा व्यत्यय) असावा, ही वीव्हरची सूचना. 'उद्या'चं दुखणं समजून घ्यायला संज्ञापनाचा अभ्यासक विल्बर श्रॅम जास्त उपयोगी. १९५४ च्या लेखात त्याने सांगणारा आणि ऐकणारा या दोघांची अनुभवक्षेत्रं जिथे एकमेकांवर येतात तिथेच बोलणं जुळतं, असं मांडलंय. नव्या भाडेकरूला 'बी विंगची खालची टाकी' म्हणजे कोणती हेच ठाऊक नसतं.

पुनरुक्ती दिसली की कात्री लावणं

हा संपादकी खाक्या सगळीकडे चालत नाही. फोनवर नाव सांगताना 'ग, गणपतीचा ग' म्हणतो, रेल्वे फलाटावर तीच घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते. गोंगाटातून अक्षर वाचवायची ही रीत आहे. शॅननने नेहमीच्या इंग्रजीतच सुमारे ५० टक्के पुनरुक्ती (रिडंडन्सी, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून ओळखता येणारा भाग) असल्याचा अंदाज मांडला होता. थोडीफार अक्षरं गळाली तरी वाक्य कळतं ते याच्याच जोरावर.

एकरेषीय म्हणजे मागासलेलं

एकरेषीय (संदेश एकाच दिशेने जातो), मग परस्परक्रियात्मक (प्रतिसाद परत येतो), मग बार्नलंडचं १९७० चं ट्रान्झॅक्शनल (दोघंही एकाच वेळी सांगतात आणि समजून घेतात), अशी मॉडेल्सची शिडी लावून वरची पायरी श्रेष्ठ ठरवू नका. वादळाचा इशारा किनाऱ्यावरच्या मोबाइलवर पोचतो की नाही, हे तपासायला एकरेषीय आकृती पुरते. सासू-सुनेच्या अबोल्याला मात्र ती लावून बघा, एकही चौकट भरता येणार नाही!

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेलचंही तेच, आधी कामाचा हेतू बघा. १९४८ मधलं त्याचं वाक्य (कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, काय परिणामाने) अभ्यासाची विभागणी करायला आहे: नियंत्रण, आशय, माध्यम, श्रोतृवर्ग, परिणाम. चौकटी पाठ्यपुस्तकांनी आखल्या. डेव्हिड बर्लोच्या १९६० च्या मॉडेलात (सोर्स, मेसेज, चॅनल, रिसीव्हर) 'चॅनल' खाली रेडिओ-टीव्ही लिहू नका, तिथे पाच इंद्रियं येतात.

९३ टक्के

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हे ऐकलं नसेल असा माणूस विरळा: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, चेहरा-देहबोली ५५. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियनच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून हे आकडे आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते आणि चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. प्रश्न होता भावना आणि आवडीनिवडीचा, तोही शब्द आणि सूर यांचं जमत नसेल तेव्हाचा. स्वारगेटहून कोथरूडला कसं जायचं हे हातवाऱ्यांनी ९३ टक्के समजावून दाखवा, मग बोलू.

साधारणीकरण भरतमुनींच्या खात्यावर

भारतीय मॉडेल विचारलं की भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचं नाव घेऊन बाणांची आकृती काढली जाते. साधारणीकरण, म्हणजे एकाची भावना सगळ्या रसिकांची होणं, ही रसचर्चेतली संकल्पना भट्टनायक या काव्यशास्त्रज्ञाची. तिच्यावरून संज्ञापनाचं आकृतिबद्ध मॉडेल मांडलं ते नेपाळचे अभ्यासक निर्मलमणी अधिकारी यांनी, २००३ मध्ये. उत्तरात संकल्पनेशी भट्टनायकाचं नाव आणि आकृतीखाली अधिकारींचं नाव लिहा.