माणदेशात मेंढ्या वेळेवर गाभण जायच्या असतील तर आधी नराला सांभाळा

आमच्याकडं जत, आटपाडी, सांगोल्याच्या पट्ट्यात मेंढी गाभण राहिली नाही की सगळे तिलाच बोल लावतात, खुराक कमी पडला म्हणतात, जंत झाले म्हणतात, पण नराकडं कुणी बघत नाही. दोन वर्षांमागं माझ्या ४० मेंढ्यांतल्या निम्म्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या. नर दिसायला एकदम टकाटक, चढतोय पण, मग गडबड कुठंय तेच कळंना. नंतर डोक्यात प्रकाश पडला की अख्खा मे मी त्याला पत्र्याच्या शेडात बांधून ठेवला होता.

नराचं वीर्य तयार व्हायला साधारण ७ आठवडे लागतात. मे मधे अंडकोष तापले तर त्याचा फटका जून-जुलैत बसतो, तेव्हा पाऊस झालेला, गवत आलेलं, मेंढ्या माजावर आणि नेमका नर रिकामा! म्हणून एप्रिलपासनंच त्याला लिंबाखाली नाहीतर चिंचेखाली बांधा, चरायला पहाटे आणि उन्हं कलल्यावर सोडा, पाणी मनसोक्त, अंडकोषावरची लोकर असेल ती कातरा. हात लावून पण बघा, दोन्ही सारखे आणि घट्ट लागले पाहिजेत, लिबलिबीत किंवा गाठ असेल तर तो नर बाजूला काढा. एका नराला २५-३० मेंढ्या पुरे, कोवळा असेल तर १५. आणि घरचाच नर वर्षानुवर्षं ठेवू नका, स्वतःच्याच पाठींवर (मादी पिल्लांवर) जातो, दोन वर्षांनी शेजाऱ्याशी अदलाबदल करा.

आता मेंढ्या. नर सोडायच्या २-३ आठवडे आधीपासनं रोज २०० ग्रॅमभर मक्याचा भरडा द्या, पहिल्या दिवशी मूठभरच आणि हळूहळू वाढवा, नायतर पोट बिघडतं. हा खर्च सगळ्यांवर करू नका. कण्यावरनं हात फिरवा, हाडं टोचतात तिलाच द्या, अंगानं भरलेलीला देऊन फारसा फायदा नाही. जंताचं औषध त्याआधी.

कुठली फळली, म्हणजे कुठलीवर नर चढला, हे ओळखायला सोपी आयडिया, नराच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा, दर दोनतीन दिवसांनी परत लावा. ज्या मेंढीच्या ढुंगणावर रंग लागला तिची तारीख वहीत लिहा. माडग्याळ जातीची मेंढी पांढरी-तांबडी असते, तिच्या पांढऱ्या भागावर लगेच दिसतो, काळ्या दख्खनीवर गेरू दिसतच नाही, तिथं पिवळा वापरा. माज १७ दिवसांनी फिरतो, म्हणून नर सोडल्यापासनं सोळाव्या दिवशी रंग बदलायचा. आधी रंग लागलेल्या मेंढीवर नवा रंग दिसला की समजा उलटली. एकदोन उलटल्या तर चालतंय, ढिगानं उलटायला लागल्या तर नर बदला, वाट बघत बसू नका.

गाभणकाळ पाच महिन्यांना दोनतीन दिवस कमी. २५ जूनला रंग लागला तर २० नोव्हेंबरच्या आसपास विणार, तेव्हा बाजरी निघालेली असते, रानात ताटं-पाचोळा असतो, थंडी सोडली तर कोकरांना बरा टाइम. पावसाळ्यात विणाऱ्या मेंढ्यांना गवत भरपूर मिळतं पण चिखल, जंत आणि न्यूमोनियात कोकरं जातात, मला तरी नोव्हेंबरच परवडतो.

पोटातलं कोकरू खरं वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात खुराक परत चालू करायचा. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन मेंढ्या मरतात त्या रोगाची) लस डॉक्टरांकडनं टोचून घ्या, चिकातनं कोकराला पण संरक्षण मिळतं. गाभडलेली (गर्भ पडलेली) मेंढी वेगळी ठेवा, वार आणि मेलेलं कोकरू उघड्या हातानं उचलू नका, ब्रुसेला हा गर्भ पाडणारा रोग माणसाला पण होतो. कुत्र्यांना टाकायचं तर नावच नको, खोल पुरा.

जुळी पाहिजेत म्हणून बरेच जण फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा ही मेंढीची जात आणतात. बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा जीन त्यात आणलाय, जात चांगलीय, पण दोन कोकरांचं दूध काढायला मेंढीला खुराक पण तसाच लागतो, नुसत्या माळावर भटकणाऱ्या कळपाला झेपेल असं नाही. आणि जुळं झालं की मोठं कोकरू लगेच कासेला लागतं, बारकं मागं कुडकुडत पडून राहतं, ते आधी पुसून तासाभराच्या आत हातानं धरून चीक पाजा, मोठ्याचं मोठं बघून घेतंय.