छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरचा पंजा: माझा अनुभव
तोडलेली वेडी बाभूळ हाताने गोळा करणं म्हणजे काट्यांशी झुंज, म्हणून ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला (ओझं उचलणाऱ्या हातांना) पंजा, म्हणजे फांद्या पकडणारा मोठा चिमटा, बसवला. जड पंजा मुद्दाम टाळला. त्याचं वजन लोडरच्या उचलक्षमतेतूनच वजा होतं. वरची दोन बोटं वेगवेगळी मिटणारा घेतला, वेडंवाकडं ओझंही घट्ट धरतो.

पंजाच्या कडेच्या दातावर जोर आला की तो मुळाशी वाकायचा. मागून आडवा पाइप जोडून सगळे दात एकत्र बांधले, मुळाशी त्रिकोणी पट्ट्या दिल्या. वेल्डिंगचा रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा) वापरला, तोही कोरडा. दमट रॉडच्या जोडाला तडा जाण्याची भीती असते. वेल्डिंगआधी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवा, वेल्डिंग मशीनची अर्थिंगची वायर जोडाजवळच लावा, नाहीतर करंट लोडरच्या सांध्यांतल्या पिन-बुशमधून वाट काढतो. आणि ट्रॅक्टरच्या मागे वजन हवंच, नाहीतर मागची चाकं उचलतात.